आग कुठं गेली?

मामांनी रात्री किलोभर मोरचूद फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या पिंपात काठीला टांगून ठेवलं होतं. सकाळी फडकं रिकामं आणि पिंपातलं 50 लिटर पाणी निळंशार. पुरचुंडी तळाशी टाकली असती तर अर्धे खडे तसेच राहिले असते, हे मामा सांगतात. मोरचूद विरघळलेलं पाणी जड होऊन खाली बसतं, ताजं पाणी खड्यांपर्यंत पोचतच नाही, हे मी सांगतो. आमचं हे गेली वीसेक वर्षं असंच चाललंय. मी पुण्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायला लागलो तेव्हापासून.

मामांची लिंबोणीची बाग मिरजगावच्या शिवारात आहे, नगर-सोलापूर रस्त्यावरून आत वळलं की. कर्जत तालुक्यात पाऊस उधारीवरच येतो. पण दोन-चार सरी पडून उघडीप मिळाली की लिंबाच्या पानांवर खैऱ्याचे तपकिरी, खडबडीत ठिपके उठायला लागतात. त्यावर बोर्डो मिश्रण मारायचं. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. आज रविवार म्हणून मामांची नातही बागेत आली होती, पण मदतीला नव्हे. दहावीची वही मांडीवर घेऊन ती बांधावर बसली होती, आणि वहीत खाडाखोडच जास्त होती.

"काका, हे संतुलनच होत नाहीये."

मी वही घेतली. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन बरोबर पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक. बाईसाहेबांनी सोपा मार्ग काढला होता. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी एक बारीकसा दोन लिहून दोन्ही बाजू सारख्या केल्या होत्या.

"हे पाणी राहिलं नाही गं. हे हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. जखम धुवायला वापरतात ते."

"पण अणू तर मोजून सारखे आले ना?"

मामा चुन्याच्या पोत्याची सुतळी सोडत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "भाकरी एक आहे आणि जेवणारे दोन, तर तू काय करशील? दोन भाकरी थापशील, का एकाच भाकरीच्या पिठात दुप्पट मीठ घालशील?"

नातीने वहीकडे पाहिलं, मग आजोबांकडे. पायाशी लिहिलेला दोन खोडला आणि पाण्याच्या पुढे मोठा दोन काढला. आता हायड्रोजन कमी पडला, मग त्याच्याही पुढे दोन. जमलं. हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, पाण्याचे दोन. हेच मी वर्गात पाऊण तास समजावतो आणि तरी निम्मी पोरं सूत्राच्या पायाशीच आकडे वाढवतात.

"बघा मामा, तुम्हीही शेवटी मोजणीवरच आलात," मी म्हणालो. "रसायनशास्त्र म्हणजे हिशेब. आत किती अणू गेले, बाहेर किती आले. तो आधी पक्का झाला की बाकी सगळं आपोआप कळतं."

"काय कळतं आपोआप? तुझ्या पोरांनी मोरचूद बघितलंय का कधी?"

"प्रयोगशाळेत बाटलीत असतं की."

"बाटलीत!" मामा एवढंच म्हणाले आणि मला मागे सरकायची खूण केली. कळी विरवताना ते कुणाला जवळ उभं राहू देत नाहीत. चुन्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर काय होतं, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं आहे. पानपट्टीवर मिळणारी चुन्याची पुडी लहान मुलाच्या हातात देणाऱ्यांनाही हे कुणीतरी सांगायला हवं.

दुसऱ्या बादलीत पांढरे खडे होते. मामांनी लांबून तांब्याने थोडंसं पाणी सोडलं. घटकाभर काहीच झालं नाही. मग एक खडा चिरला, त्यातून फुस्स आवाज आला, दुसरा फुटला, आणि पाहता पाहता बादली खदखदायला लागली. खाली जाळ नाही, काही नाही, पण वाफेचा लोट चांगला माणसाच्या उंचीचा. खडे फुगून, उमलून भुकटी होत होते. "कळी फुलली," मामा म्हणाले. कळी हा शब्द इथे कसा आला ते मला माहीत नाही, पण ते खडे उमलताना पाहिले की शोधावंसंही वाटत नाही.

"ही संयोग अभिक्रिया," मी नातीला सांगितलं. "कळीचा चुना आणि पाणी, दोन पदार्थांचा मिळून एकच पदार्थ होतो, विरलेला चुना. आणि उष्णता बाहेर पडते म्हणून ऊष्मादायी. किलोभर शुद्ध कळी तीन-साडेतीन लिटर पाणी उकळीला आणू शकते."

"आग बाहेर येतेय ती," मामा म्हणाले. "भट्टीत आत शिरलेली."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पूर्वीही ऐकलंय. मामांचे वडील चुन्याची भट्टी लावायचे. आपल्या काळ्या रानात नांगराच्या फाळाला लागणारे चुनखडीचे पांढरे गोटे वेचायचे, ओढ्याकाठच्या भट्टीत एक थर गोट्यांचा, एक थर लाकडांचा असे रचायचे, आणि दोन-तीन दिवस धग टिकवायची. मग ती कळी विरवून, वाळू घालून, बैलाच्या घाण्यात दगडी चाकाखाली मळायची. सिमेंट गावोगाव पोचलं आणि घाणा थांबला. त्याचं चाक अजून मामांच्या अंगणात आडवं पडलंय, त्यावर मामी पापड वाळवतात.

"आग आत शिरत नाही मामा. उलट चुनखडीतून काहीतरी बाहेर जातं. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली तर कळी किती मिळेल?"

"निम्मी. थोडी जास्तच."

"56 किलो. उरलेले 44 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. याला अपघटन म्हणतात, एका पदार्थाचे दोन झाले."

मामांचा हात थांबला. "छप्पन. आकडा कधी लागला रे हा? कारण माझ्या बापावर चोरीचा आळ आला होता याच्यापायी. वाड्याचं काम होतं. मालकाने गाड्या मोजून गोटे दिले आणि कळी परत मोजून घेतली. निम्मा माल गेला कुठं म्हणून चारचौघांत विचारलं. बाप म्हणाला, आगीनं खाल्ला. लोक हसले."

"अठराव्या शतकात कळलं होतं हे. एडिंबराकडचा जोसेफ ब्लॅक, त्याने 1756 साली छापलं. त्याच्या आधी युरोपातले शहाणेही तुमच्यासारखंच म्हणायचे, की आगीचे कण चुनखडीत शिरतात आणि म्हणून कळी अशी झोंबते. ब्लॅकने तराजू घेतला. आग आत शिरली तर वजन वाढायला हवं, हे तर घटतंय. म्हणजे शिरलं काही नाही, गेलंय. गेलेली हवाही त्याने पकडून दाखवली. पुढे फ्रान्समध्ये लव्हाझियेने 1789 च्या पुस्तकात तो नियमच करून टाकला, की अभिक्रियेआधीचं एकूण वजन आणि नंतरचं एकूण वजन सारखंच. द्रव्य अक्षय्यतेचा नियम. तो पोटापाण्याला करवसुलीच्या कामात होता."

"मग बरोबर आहे. वसुलीवाला माणूस, वजनावर नजर असणारच."

विरलेला चुना गाळून त्याचंही 50 लिटर पाणी झालं. आता दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायची. एका बाजूने मामा, एका बाजूने मी. निळी धार आणि पांढरी धार एकमेकींना भिडली तिथे आभाळी रंगाचा, सायीसारखा दाट गढूळपणा तयार झाला आणि पिंपभर पसरला. दुहेरी विस्थापन, मी मनात म्हणालो. तांब्याने आपला जोडीदार सोडला, कॅल्शियमनेही सोडला, अदलाबदल झाली, आणि पाण्यात न विरघळणारा तांब्याचा निळसर अवक्षेप हाती आला. पानावर बसून बुरशीला आणि खैऱ्याच्या जिवाणूंना अटकाव करतो तो हाच. बोर्डो हे फ्रान्समधलं द्राक्षाचं गाव. तिथे रस्त्याकडेच्या वेलींवर लोकांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून हे निळं ओंगळ मिश्रण शिंपडायचे. त्याच वेली रोगातून वाचल्याचं मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्याने ते जगापुढे मांडलं. चोरांमुळे औषध सापडलं, ही गोष्ट मामांना फार आवडते.

पण मला त्या क्षणी वेगळंच सुचलं होतं. पाठीमागे वळून मी नातीच्या वहीत आकडे मांडले.

"मामा, हिशेबाने बघायला गेलं तर 1 किलो मोरचुदाला सव्वादोनशे ग्रॅम कळी पुरते. तुम्ही किलोभर घालता. चौपटीहून जास्त. पैसे वाया."

मामांनी उत्तर दिलं नाही. कमरेचा विळा काढला, दगडावर दोनदा घासून पातं लखलखीत केलं आणि पिंपात बुडवून धरलं. एक मिनिट. दीड मिनिट. बाहेर काढलं तर पात्यावर तांबूस झाक होती, जुन्या पैशाच्या रंगाची. बोटाने पुसली तर बोटाला लागली.

"हे घे तुझं सव्वादोनशे ग्रॅम. किलो घालूनसुद्धा तांबं मोकळं आहे अजून. हे असंच मारलं तर पानं करपतील."

नात उठून पुढे आली. "काका, विस्थापन! लोखंडाने तांब्याला बाहेर काढलं. पुस्तकात खिळा आणि टेस्ट ट्यूब आहे."

"खिळा न् टेस्ट ट्यूब," मामा म्हणाले, "आणि आजोबाचा विळा चाळीस वर्षं घरात आहे."

लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. पाण्यात मोकळं तांबं असलं की लोखंड त्याची जागा घेतं आणि तांबं पात्यावर येऊन बसतं. चुन्याने सगळं तांबं बांधून टाकलं असतं तर पातं तसंच लखलखीत निघालं असतं. मामांनी आणखी दोन ओंजळी चुना विरवून ओतला, ढवळलं, विळा पुन्हा घासून बुडवला. या वेळी पातं जसं गेलं तसंच वर आलं.

मी मुकाट्याने वहीतला आकडा पुन्हा तपासला. चूक नव्हती. चूक पोत्यात होती. दुकानात दोन-दोन महिने तोंड उघडं पडलेली कळी हवेतली ओल पिते, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होऊन बसते. दिसायला पांढरी ती पांढरीच. माझं समीकरण शुद्ध कळीबद्दल बोलत होतं आणि मामांच्या पिंपात पडली होती दुकानातली शिळी कळी. हे मी प्रामाणिकपणे कबूल केलं. पण सोडलं नाही.

"विळ्याला कमी पडलं एवढंच कळतं मामा. किती कमी पडलं हे नाही कळत. आणि डोळा फसतो. तुमच्या खालच्या पट्टीतली पानं पिवळी पडली तेव्हा तुम्ही म्हणालात, जमिनीत लोह नाही. पोतंभर हिराकस टाकलंत. उपयोग झाला?"

"नाही झाला."

"कारण लोह होतंच. मुक्त चुना जास्त असलेल्या जमिनीत लोह विरघळतच नाही, मग मुळांना मिळणार कुठून? वरून टाकलेलंही चुना अडकवून ठेवतो. हे बघून कळत नाही. माती तपासून आकडा यावा लागतो."

"म्हणून तर मग फवारून दिलं पानावर," मामा म्हणाले. पण आवाज जरा खाली आला होता.

चहा घेऊन मामी आल्या. पंपाला नळी जोडेपर्यंत आम्ही लिंबोणीखाली बसलो. नात म्हणाली, "काका, रासायनिक बदल ओळखायचा कसा? पुस्तकात लिहिलंय रंग बदलतो, वायू निघतो, उष्णता निघते, अवक्षेप येतो. पण मोरचूद नुसतं विरघळलं तरी पाणी निळं झालंच की."

चांगला प्रश्न होता. मी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत मामा बोलले. "माघारी फिरत नाही तो खरा बदल. मेलेलं माणूस परत येत नाही, तसं. मीठ पाण्यातून आटवून परत मिळतं, जळलेलं लाकूड मिळत नाही."

"आणि हळद?" मामी म्हणाल्या. "हळदीला चुना लागला की लाल होते. केमला कुंकू करायचे ते त्यावरच. त्या लालीवर लिंबू पिळा, परत पिवळी."

मामा गप्प. केम इथून फार लांब नाही, शेजारच्या करमाळा तालुक्यातच. त्यामुळे पुरावा नाकारायची सोय नव्हती.

मामींच्या मदतीने मी पुढे सरकलो. माघारी फिरतो की नाही, ही खूणच नव्हे. जुने बंध तुटून नवे जुळले का, पदार्थ वेगळा झाला का, एवढंच बघायचं. आणि माघारी फिरण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर मामांच्याच घराण्यातलं. चुनखडी भाजली, कळी झाली. कळीत पाणी घातलं, विरलेला चुना झाला. तो भिंतीला लागला आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी झाला, पाणी सोडून. रानातला गोटा भिंतीत जाऊन परत गोटाच झाला. नगरचा भुईकोट किल्ला सोळाव्या शतकातला. त्याच्या दगडांमधला चुना आज चुना नाहीच, चुनखडी आहे.

"म्हणून आम्ही ओली पोती टांगायचो गिलाव्यावर," मामा एकदम म्हणाले. "लवकर वाळला की भुसभुशीत राहायचा."

"हवेतला वायू आधी पाण्यात विरघळावा लागतो, मगच चुन्याशी जुळतो. कोरड्या भिंतीत अभिक्रिया थांबते."

"असंय होय."

आमच्या वादात असा क्षण क्वचित येतो. मी तो वाया घालवला नाही. वही घेतली आणि 100 ग्रॅम चुनखडीचा सगळा ताळेबंद नातीसमोर मांडला. 100 मधून 44 गेले, 56 राहिले. 18 ग्रॅम पाणी मिळालं, 74 झाले. भिंतीत 44 परत आले, 118. त्यातून 18 ग्रॅम पाणी उडून गेलं. उरले 100. पैसा न् पैसा जुळला.

मामांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. "सगळं जुळलं. मग आग कुठं लिहिलीस?"

"आग म्हणजे?"

"तीन दिवस लाकूड जाळलं बापाने. गोटे आले परत, पाणी आलं परत, तू म्हणतोस तो वायू आला परत. मग आग कुठं गेली? तुझा हिशेब पक्का ना?"

बाणाशेजारी 'उष्णता' असा शब्द लिहून आपण पुढे जातो. मी तो लिहिला. मामांनी मान हलवली, "किती ते लिही." त्यांच्या वडिलांच्या गेलेल्या मालाचा आकडा मी त्यांना दिला होता, आता त्यांना जाळाचाही हवा होता.

आकडे मला पाठ आहेत. 100 ग्रॅम चुनखडीचं अपघटन व्हायला 178 किलोज्यूल उष्णता आत जाते. अर्धा लिटर पाण्याला उकळी आणून वर थोडी उरेल इतकी. तिच्यापासून झालेल्या कळीत पाणी घातलं की 65 किलोज्यूल बाहेर पडतात. विरलेला चुना हवेतून वायू घेऊन पुन्हा चुनखडी होतो तेव्हा 113. मी एकाखाली एक लिहिले. मग 65 आणि 113 ची बेरीज केली.

178.

वीस वर्षं हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या धड्यांत शिकवतोय मी. एक अपघटनात, एक संयोगात, एक चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते त्या प्रयोगात. बेरीज जुळणारच, ऊर्जेचाही ताळेबंद असतो, हेही शिकवतोच. पण हे तीन एका कागदावर एकाखाली एक कधी लिहिले नव्हते. भट्टीत चुनखडीला लागलेला जाळ दोन हप्त्यांत परत येतो. तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त बादलीत, खदखदून, सगळ्यांसमोर. बाकीचा भिंतीत, वर्षानुवर्षं, कुणाच्या हाताला कळणार नाही इतका सावकाश.

"म्हणजे आग आत होती," मामा म्हणाले.

"आग नव्हती मामा. ऊर्जा होती. कण नव्हे, वजन नाही तिला, तराजूत धरता येईल असं."

"वजन आहे म्हटलंच कोण? मी म्हटलं आत होती. आणि बाप म्हणाला आगीनं माल खाल्ला. त्यातलं माझं खरं निघालं, बापाचं खोटं."

"तुमच्या वडिलांचंही फार चुकलं नाही. आगीनेच हाकलला तो वायू."

"तेव्हा हा छप्पनचा आकडा असता ना बापाकडे," मामा म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. कप विसळून पंपाकडे गेले. हे मिश्रण शिळं झालं की कामातून जातं, त्याच दिवशी संपवावं लागतं.

ते फवारत असताना मी आणि नात बांधाशी होतो. तिने मातीतला चुनखडीचा एक गोटा उचलला, दगडाने ठेचला आणि खाली पडलेलं लिंबू त्यावर पिळलं. बारीक बुडबुड्यांचा फेस आला, सोड्याच्या बाटलीचं झाकण सैल केल्यासारखा आवाज कान लावल्यावर ऐकू आला. तीन दिवसांच्या भट्टीत जो वायू निघायचा, तोच. इथे लिंबाच्या आम्लाने जाळाशिवाय बाहेर काढला. मग तिने बादलीच्या काठाला लागलेल्या, नुकत्याच फुललेल्या चुन्यावर पिळलं. फेस नाही, चुना नुसता ओला झाला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"यात वायू अजून आलाच नाही," मी म्हणालो.

ती काही न बोलता दोन लिंबं खिशात टाकून घराकडे निघाली. पणजोबांनी बांधलेली मागची भिंत अजून उभी आहे, तिथला गिलावा एका कोपऱ्यात उघडा पडलाय. मी पोचलो तेव्हा तिने खिळ्याने टवका काढला होता आणि भिंतीला गाल लावून लिंबू पिळत होती. पांढऱ्या चुऱ्यावर फेस येत होता.

"आबाऽ! भिंतीत आलाय परत!"

बागेतून पंपाच्या आवाजात आबांना काही ऐकू गेलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मामींना मात्र गेलं. "भिंतीला कशाला पिळताय लिंबं? आत आणा, डाळीला हवंय एक."

तिने उरलेलं अर्धं लिंबू खिशात टाकलं आणि खिळ्याने आणखी एक टवका काढायला सुरुवात केली, या वेळी जरा खोल.